कागद मागतात म्हणून वैतागू नका, केमिकल ह्यांच्याकडूनच घ्या (पाचपैकी चार स्टार)

ह्या केमिकलच्या दुकानाबद्दल सोलापूरच्या एमआयडीसीत कुणालाही विचारलं तर पहिलं वाक्य हेच ऐकायला मिळतं, "माल चांगलाय ओ, पण लई कागद मागतेत." खरंय ते. जीएसटी सर्टिफिकेट मागतात, आधार मागतात, कंपनीच्या लेटरहेडवर कशासाठी पाहिजे ते लिहून मागतात, आणि ॲसिड असेल तर रजिस्टरला सही झाल्याशिवाय कॅन काउंटरच्या अलीकडे येत नाही. मी चार स्टार देतेय ते ह्याच गोष्टीसाठी देतेय, कारण आमच्या युनिटची खरेदी मी बघते आणि काहीही न विचारता माल हातात देणारे पण मी बघितलेत.

आमचं सूत रंगवायचं युनिट आहे अक्कलकोट रोडला, टॉवेलवाल्यांना आणि थोडंफार चादरवाल्यांना रंगीत सूत देतो. डाइंग दीर बघतात, खरेदी, बिलं, पोल्युशन बोर्डाचं कन्सेंट (परवानगी), इन्शुरन्स हे सगळं माझ्याकडं. म्हणजे कॉस्टिक सोडा, हायड्रोजन पेरॉक्साइड, हायड्रो, ॲसिटिक ॲसिड, हायपो (ब्लीचचं पाणी) आणि ईटीपीला, म्हणजे सांडपाणी साफ करायच्या प्लांटला, पाणी न्यूट्रल करायला लागणारं ॲसिड हे सगळं माझ्या सहीने येतं, आणि उद्या काय झालं तर प्रश्न पण मलाच विचारणार. म्हणून हा रिव्ह्यू जरा लांबलाय, पण ज्यांचं छोटं युनिट आहे त्यांनी पूर्ण वाचा.

आधी ॲसिडचं सांगते कारण काउंटरवर सगळ्यात जास्त वादावादी त्याच्यावरूनच होते. मी तिथं उभी असताना एक पोरगं आलं, पंधरा-सोळा वर्षाचं असेल, मधल्या मारुतीकडच्या एका सोन्याच्या कारागिराकडं कामाला होतं, त्याला नायट्रिक ॲसिड न्यायला पाठवलेलं. खिशात पैसे आणि हातात पाण्याची रिकामी बाटली. अण्णांनी (दुकानाचे मालक, लहानमोठे सगळे त्यांना अण्णाच म्हणतात) त्याला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "मालकाला घेऊन ये बाळा, तुला देता येत नाही. आणि ह्या बाटलीत तर मी कुणालाच देत नाही." पोरगं रडवेलं झालं, "मालक ओरडतेत ओ." तर अण्णांनी त्याच्याच फोनवरून मालकाला फोन लावला आणि सांगितलं, "पोराला का पाठवलाव? तुम्ही या, आधार घेऊन या, माल काढून ठेवतो." पलीकडून आवाज चढला असणार कारण अण्णा दोनदा शांतपणे तेच वाक्य म्हणाले आणि फोन ठेवला. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल अशी तयारी ठेवूनच ठेवला.

हा अण्णांचा घरचा नियम नाही बरं का. लक्ष्मी अगरवाल ह्यांच्यावर ॲसिड हल्ला झाला, त्यांनी २००६ ला सुप्रीम कोर्टात याचिका केली आणि १८ जुलै २०१३ ला कोर्टाने काउंटरवरच्या ॲसिड विक्रीबद्दल आदेश दिला. त्यात साफ म्हटलंय की घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि किती ॲसिड दिलं ह्याचं रजिस्टर ठेवल्याशिवाय काउंटरवर ॲसिड विकायचं नाही, घेणाऱ्याने फोटो आणि पत्ता असलेलं सरकारी ओळखपत्र दाखवायचं, कशासाठी पाहिजे ते सांगायचं, आणि अठरा वर्षाखालच्या कुणालाही द्यायचं नाही म्हणजे नाही. दुकानदाराने आपल्याकडचा सगळा साठा प्रांताकडं (प्रांताधिकाऱ्यांकडं) १५ दिवसांच्या आत जाहीर करायचा, लपवलेला साठा सापडला तर तो जप्त आणि वर ५० हजारांपर्यंत दंड. शाळा, कॉलेज, लॅब, हॉस्पिटल, सरकारी खाती ह्यांना पण वापराचं रजिस्टर ठेवून ते प्रांताकडं द्यायला सांगितलंय आणि त्या ॲसिडला एक माणूस जबाबदार धरायला सांगितलंय. म्हणजे प्रॅक्टिकलच्या कपाटातली बाटली सुद्धा ह्यात आली. ज्या शिक्षक लोकांना हे माहीत नाही त्यांनी आपल्या लॅबचं रजिस्टर एकदा उघडून बघा.

आणि हे पॉयझन्स ॲक्टखाली येतं, १९१९ चा कायदा, इंग्रजांच्या काळचा, विकायला लायसन्स लागतं आणि नियम राज्य सरकार करतं. अण्णांचं लायसन्स भिंतीवर लावलेलं आहे, काउंटरवरून वाचता येईल अशा उंचीवर. दुसऱ्या कुठल्याही दुकानात गेलात तर पहिल्यांदा भिंतीकडं बघा, दिसलं नाही तर विचारा, विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. फेकणाऱ्याला शिक्षा किती कडक आहे हे सगळ्यांना साधारण माहीत असतं, भारतीय न्याय संहितेचं कलम १२४, कमीत कमी १० वर्षं ते जन्मठेप. पण त्या माणसाच्या हातात ते आलं कुठून ह्याचं उत्तर कुठल्या तरी दुकानाच्या रजिस्टरमध्ये असतं किंवा नसतं. मला दोन मुली आहेत. रजिस्टरला सही करताना दोन मिनिटं जातात म्हणून कुरकुर करणारा माणूस दिसला की मी आता गप्प बसत नाही, तिथंच सांगते.

आपल्याकडं गल्लीबोळात हातगाडीवर "टॉयलेटचं ॲसिड, फरशीचं ॲसिड" म्हणून पिवळट पाणी विकत फिरतात ना, जुन्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरलेलं, वर ना नाव ना पत्ता, तेही ॲसिडच आहे ओ. वीस-तीस रुपयाला कुणालाही मिळतं, लहान पोराला पण. घरात ते आणून कुणी हायपो किंवा ब्लीचिंग पावडरवर ओतलं तर क्लोरीन गॅस होतो आणि बंद बाथरूममध्ये श्वास कोंडायला वेळ लागत नाही. माझी हात जोडून विनंती आहे की ते घेऊ नका. कंपनीचं लेबल असलेलं क्लीनर दहा रुपये जास्त देऊन घ्या, आणि ते सुद्धा दुसऱ्या कशात मिसळू नका.

आता आमच्या रोजच्या मालाकडं येते. ह्या दुकानात मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट म्हणजे सील न फोडलेला माल. कॉस्टिकच्या गोणीवर, हायड्रोच्या ड्रमवर, पेरॉक्साइडच्या कॅनवर कंपनीचं मूळ लेबल असतं, बॅच नंबर असतो, बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता असतो, धोक्याचं चित्र असतं. तुम्ही म्हणाल ह्यात काय विशेष. विशेष आहे. आधी आम्ही दुसऱ्या एकाकडून घ्यायचो (नाव लिहीत नाही), तो हायड्रो दुसऱ्याच कुठल्या तरी ड्रममध्ये भरून द्यायचा, वर मार्करने नुसतं "हायड्रो" लिहिलेलं, झाकण सैल, आत गोळे झालेले. दिरांनी विचारलं तर म्हणे, "पावसाळा आहे ना, होतं तसं."

होतं तसं म्हणून चालत नाही की. हायड्रो म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, व्हॅट नावाच्या रंगांना रोज लागणारी पावडर. तिला ओल लागली की ती आतल्या आत तापते, सल्फर डायऑक्साइड सोडते, डोळ्याला नाकाला झोंबतो तो वास, आणि तापत तापत पेट घेते. वाहतुकीच्या वर्गवारीत तिचा यूएन नंबर (धोकादायक मालाचा जगभर चालणारा नंबर) १३८४ आहे आणि वर्ग ४.२, म्हणजे आपोआप पेट घेणारा माल. गोळे झालेत ह्याचा अर्थ ड्रममध्ये पाणी आधीच शिरलंय. त्यावर कुणी घाबरून तांब्याभर पाणी मारलं तर आग वाढते, विझत नाही, म्हणून ड्रम नेहमी कोरड्या जागी, जमिनीपासून वर फळीवर, आणि चमचा पण कोरडा. आमच्या कामगारांना हे आता पाठ आहे, पण पाठ व्हायला आधी ड्रमवर नाव बरोबर असायला लागतं ना.

भोपाळ झालं डिसेंबर १९८४ ला. त्यानंतर १९८६ ला पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि त्याखाली १९८९ ला धोकादायक रसायनांचं उत्पादन, साठवण आणि आयात ह्याचे नियम आले, धंद्यात त्याला एमएसआयएचसी रूल्स म्हणतात. मोठे साठे ठेवणाऱ्यांना त्यात सेफ्टी रिपोर्ट, इमर्जन्सी प्लॅन असं बरंच काही आहे, आपल्यासारख्या छोट्यांच्या कामाचा मुख्य भाग म्हणजे नियम १७. प्रत्येक कंटेनरवर आत काय आहे ते, बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव पत्ता, आणि त्या मालाची धोक्याची माहिती स्पष्ट लिहिलेली पाहिजे, आणि मालाची सेफ्टी डेटा शीट पाहिजे, जिला आपण सगळे एमएसडीएस म्हणतो. त्या नियमांना जोडलेल्या यादीत ६८४ रसायनं आहेत. म्हणजे मार्करने "हायड्रो" लिहिलेला ड्रम हा नुसता गबाळेपणा नाही, तो नियमाबाहेरचा माल आहे, आणि तो आपल्या शेडमध्ये उतरला की जबाबदारी आपल्याकडं पण येते.

अण्णांकडं पहिल्या ऑर्डरबरोबर प्रत्येक मालाची शीट न मागता मिळाली, फाईल करून. नंतर कंपनी बदलली तेव्हा नवीन शीट आली, जुनी काढून टाका म्हणून फोन पण आला. ही फोनची गोष्ट छोटी वाटेल पण जुनी शीट लावून ठेवली आणि मालाची स्ट्रेंग्थ वेगळी निघाली तर डोळ्यात उडाल्यावर माणूस काय वाचणार. शीटमध्ये १६ भाग असतात, सगळे वाचायला जमत नसेल तर निदान चौथा (पहिला उपचार), पाचवा (आग लागली तर), सातवा (कसं ठेवायचं) आणि आठवा (हातमोजे, गॉगल काय लागतं) एवढे तरी वाचा.

पेरॉक्साइडबद्दल तर अण्णा इतकं बजावतात की नवीन माणसाला राग येतो. आम्ही ५० टक्क्याचा घेतो. त्याच्या कॅनच्या झाकणाला बारीक भोक असतं, हवा जायला, ते कुणीतरी गळतंय समजून टेप लावून बंद करतं आणि मग कॅन फुगतो, कारण पेरॉक्साइड हळूहळू ऑक्सिजन सोडत असतो. गंज, तांबं, कॉस्टिकचा थेंब, अगदी धूळ जरी आत गेली तरी त्याचं सुटणं वाढतं, म्हणून एकदा बाहेर काढलेला माल परत कॅनमध्ये ओतायचा नाही. आणि सोलापूरचा एप्रिल-मे, पारा ४३-४४ ला, पत्र्याची शेड, तिथं पेरॉक्साइड आणि शेजारी हायड्रोचे ड्रम, बाजूला सुताचे गठ्ठे. हे चित्र मी एकापेक्षा जास्त युनिटमध्ये बघितलंय आणि प्रत्येक वेळी बोललेय. एक पेटवणारा, एक पेटणारा, आणि मधे कापूस. अण्णांच्या गोडाऊनला दोन्ही वेगवेगळ्या खोल्यांत आहेत, मधे भिंत आहे, पेरॉक्साइडची खोली उत्तरेला आहे आणि वर डबल छत घातलंय. दारातच शॉवर आणि डोळे धुवायचा नळ आहे, वाळूच्या बादल्या भरलेल्या असतात. मी तो नळ सोडून बघितला, पाणी येत होतं (बऱ्याच ठिकाणी नुसता शोभेला असतो). कॉस्टिक असो की ॲसिड, अंगावर उडालं तर पंधरा-वीस मिनिटं सलग पाण्याखाली उभं राहायचं असतं, हळद-तेल-टूथपेस्ट काही लावायचं नसतं, आणि तेवढं पाणी तिथं असायलाच पाहिजे.

मे २०२५ ला आमच्याच अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली आणि आठ जण गेले, मालकाच्या घरातली माणसं आणि कामगार, लहान मूल पण होतं त्यात. तिथं केमिकलमुळे काही झालं असं मी अजिबात म्हणत नाही. पण त्या दिवसापासून आमच्या लाईनीत कारखान्याच्या वरच राहणाऱ्या प्रत्येक घराला झोप लागायला वेळ लागला. खाली काय ठेवलंय आणि ते कशाशेजारी ठेवलंय हे प्रत्येकाने उतरून बघितलं पाहिजे असं मला फार मनापासून वाटतं.

डिलिव्हरीचं. इथं लोकांची दुसरी तक्रार, "गाडी वेळेवर पाठवत नाहीत". त्याचं कारण मी विचारून घेतलंय. धोकादायक माल नेणाऱ्या गाडीचे सेंट्रल मोटार व्हेईकल रूल्समध्ये वेगळे नियम आहेत, १२९ पासून १३७ पर्यंत. ड्रायव्हरचं ट्रेनिंग झालेलं पाहिजे, लायसन्सवर तशी नोंद पाहिजे, त्याच्या केबिनमध्ये ट्रेम कार्ड पाहिजे ज्यावर सांडलं, पेटलं, अंगावर पडलं तर काय करायचं ते लिहिलेलं असतं, आणि गाडीवर मालाचं नाव, यूएन नंबर, धोक्याचं चिन्ह आणि इमर्जन्सी फोन नंबर असलेली पाटी पाहिजे. माल पाठवणाऱ्याने ट्रान्सपोर्टवाल्याला पूर्ण आणि खरी माहिती द्यायची असते. अण्णांकडं असा ड्रायव्हर एकच आहे, तो आला नाही तर ते दुसऱ्या टेम्पोत माल घालून देत नाहीत. आमचं एकदा पेरॉक्साइडवाचून मशीन थांबलं, दिरांनी चिडून रिक्षा पाठवतो म्हणून सांगितलं, अण्णा म्हणाले, "पाठवा की, पण मी भरून देणार नाही." त्या दिवशी आम्हाला राग आला होता हे खरं. पण कुंभार वेशीच्या गर्दीत पॅगो रिक्षात, मागं दोन बायका बसलेल्या आणि मधे ॲसिडचा कारबा (मोठा कॅन), हे पण मी डोळ्याने बघितलंय. तेवढ्यात खड्डा आला असता तर काय झालं असतं?

तरी एक सांगते, एकच ड्रायव्हर हा दुकानाचा दोष आहेच. नियम पाळतात म्हणून गिऱ्हाईकाने सारखं थांबायचं हे बरोबर नाही, दुसऱ्या माणसाला ट्रेनिंग द्या. एक स्टार त्याचा कापलाय.

आता ड्रमचं, आणि हे सोलापूरच्या प्रत्येक घराला लागू आहे. आपल्या शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे दारोदारी निळे ड्रम, कुणाच्या गच्चीवर, कुणाच्या मोरीत. हे ड्रम येतात कुठून कधी विचार केलाय? नवीन ड्रम महाग पडतो, म्हणून भंगारवाल्याकडून जुना घ्यायचा, साबणाने दोनदा धुवायचा आणि पाणी भरायचं. त्या ड्रममध्ये आधी ॲसिटिक होतं की डाइंगचं कुठलं ऑक्झिलरी (रंगवताना मदतीला लागणारं केमिकल) होतं की कीटकनाशकाचं सॉल्व्हंट होतं, कुणाला माहीत नसतं, कारण लेबल फाडलेलं असतं. प्लॅस्टिक काही रसायनं आत शोषून घेतं आणि नंतर पाण्यात हळूहळू सोडतं, ते वासाने नेहमी कळत नाही. मागच्या उन्हाळ्यात आमच्याच एका कामगाराच्या घरी मी गेले तर बाळंतिणीला लागणारं पाणी अशाच ड्रममध्ये भरलेलं. मी त्या बाईला काय सांगणार, तिच्याकडं दुसरं भांडं नव्हतं. दुसऱ्या दिवशी नवीन ड्रम पाठवला आणि आमच्या युनिटचा नियम त्या आठवड्यात बदलला.

कायद्यात हे स्पष्ट आहे. २०१६ चे धोकादायक आणि इतर कचऱ्याचे नियम आहेत, त्यांच्या पहिल्या परिशिष्टात ३३.१ नंबरला धोकादायक रसायन लागलेले रिकामे ड्रम, कंटेनर आणि आतल्या पिशव्या येतात. म्हणजे रिकामा ड्रम हा धोकादायक कचरा आहे, तो मान्यता असलेल्याकडंच गेला पाहिजे आणि आपल्या पोल्युशन बोर्डाच्या कागदात त्याचा हिशोब पाहिजे. किती ड्रम आले, किती गेले, कुणाकडं गेले. साधारणपणे ९० दिवसांच्या वर साठवून पण ठेवायचे नसतात. पण प्रत्यक्षात काय होतं, रविवारी भंगारवाला येतो, ड्रममागे चांगले पैसे देतो, सुपरवायझर देऊन टाकतो.

ह्या दुकानाने काय केलंय तर प्रत्येक ड्रममागे डिपॉझिट ठेवलंय, बिलात वेगळं दाखवतात, आणि रिकामा ड्रम झाकणासकट परत दिला की पैसे पुढच्या बिलात वळते करतात. परत आलेले ड्रम ते कंपनीकडं किंवा मान्यतावाल्याकडं पाठवतात, आपल्याला त्याची पावती देतात, ती मी फाईलला लावते. पोल्युशन बोर्डाचे साहेब आले तेव्हा पहिला प्रश्न ड्रमचाच होता आणि पावत्या समोर ठेवल्यावर पुढं काही बोलायची गरज पडली नाही. कुणी घरगुती माणूस पाण्यासाठी ड्रम मागायला आला तर अण्णा देत नाहीत, कितीही ओळखीचा असो. "देतो पण कापून देतो" म्हणतात. कापलेला कोण नेणार!

बिलाचं पण बोलले पाहिजे. आधीच्या त्या सप्लायरची बिलं "टेक्सटाइल ऑक्झिलरी" ह्या एकाच नावाने यायची, आत हायड्रो असो की पेरॉक्साइड. जीएसटी भरला जातो, मग काय बिघडलं असं आमच्या अकाउंटंटला वाटायचं. बिघडतं असं की आग लागली तर इन्शुरन्सवाला विचारणार तुमच्याकडं काय काय साठा होता, आणि तुमच्या बिलात पेरॉक्साइड हा शब्दच नाही. फायर ब्रिगेडला पण आत काय आहे हे सांगायला कागद नाही. ह्या दुकानाचं बिल नाव, टक्केवारी, बॅच आणि एचएसएन (जीएसटीतला मालाचा कोड) सकट येतं, पेरॉक्साइडला २८४७, कॉस्टिकला २८१५. राज्यातल्या राज्यात एक लाखाच्या वर माल असेल तर ई-वे बिल न सांगता निघतं. ठराविक प्रमाणाच्या वर धोकादायक माल ठेवणाऱ्यांना १९९१ च्या कायद्याने पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स सक्तीचा आहे, आपण त्यात बसतो की नाही हे मला अण्णांनीच आमच्या साठ्याचे आकडे मागून घेऊन यादीशी लावून दाखवलं. दुकानदार म्हणून हे त्यांचं काम नव्हतं.

एक अजून, आमच्या कामाचं नाही पण ऐकून ठेवा. ॲसिटिक ॲसिड हवं तितकं मिळतं, पण ॲसिटिक ॲनहायड्राइड कुणी मागितलं तर अण्णा सरळ नाही म्हणतात. तो नार्कोटिक्सच्या नियंत्रित यादीतला माल आहे, २०१३ च्या आदेशाप्रमाणे घेणाऱ्याला विकणाऱ्याला दोघांनाही एनसीबीकडचा (नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरो) रजिस्ट्रेशन नंबर लागतो, प्रत्येक हालचालीचा हिशोब लागतो. आपल्या चिंचोळी एमआयडीसीचं नाव २०१६ ला एफेड्रिनच्या (नशेचा माल बनवायला वापरतात ते) साठ्यामुळे देशभर गाजलं, ठाणे पोलिसांनी पकडला होता, एफेड्रिन पण त्याच यादीतलं. तेव्हापासून सोलापूरचं नाव घेतलं की बाहेरचे सप्लायर दोन प्रश्न जास्त विचारतात, आणि सरळ धंदा करणाऱ्यांनी त्याचा राग धरू नये असं मला वाटतं.

कमी काय आहे ते पण लिहिते, चांगलंच लिहिलं तर रिव्ह्यू खोटा वाटतो. भाव किलोमागे रुपया-दोन रुपये जास्त आहे, उधारी पंधरा दिवसांच्या वर देत नाहीत, छोट्या युनिटला हे जड जातं, आम्हालाही जातं. शनिवारी काउंटरला एकच माणूस असतो आणि रजिस्टर लिहिता लिहिता लाईन रस्त्यापर्यंत येते. हमाल लोक कॉस्टिकच्या गोण्या कधी कधी हातमोजे न घालता उचलतात, उन्हाळ्यात घामाच्या हाताला कॉस्टिक लागलं की कातडी सोलते, अण्णा, तुम्ही गिऱ्हाईकाला एवढं सांगता तर हे पण बघा, मी तोंडावर पण सांगितलंय.

आणि सगळ्यात मोठी उणीव, शीट फक्त इंग्रजीत. आमच्याकडं कामाला असलेले निम्मे लोक घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड, वाचतात ते मराठी. इंग्रजीतली सोळा भागांची फाईल ऑफिसच्या कपाटात असून हौदापाशी उभ्या असलेल्या माणसाला काय उपयोग? मी आमच्यापुरतं प्रत्येक मालाचं एक पान मराठीत मोठ्या अक्षरात लिहून हौदाशेजारी लॅमिनेट करून लावलंय, कशाशेजारी ठेवायचं नाही, डोळ्यात गेलं तर काय, सांडलं तर काय, एवढंच. कॉस्टिकच्या पानावर एकच ओळ लाल आहे, पाण्यात कॉस्टिक टाकायचं, कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही. अण्णांना ती पानं दिलीत, छापून प्रत्येक ड्रमबरोबर द्या म्हणून, त्यांनी "करतो" म्हटलंय. ती छापली आणि दुसरा ड्रायव्हर तयार झाला की उरलेला एक स्टार मी येऊन वाढवते.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी जीएसटी सर्टिफिकेट, उद्यम रजिस्ट्रेशन, मालकाचं आधार, कन्सेंटची कॉपी आणि लेटरहेडवर माल, प्रमाण, कशासाठी हे लिहून सही-शिक्का मारून न्या, म्हणजे परत फिरावं लागत नाही. घरगुती माणसाने ॲसिडला जायचं असेल तर पत्ता असलेलं ओळखपत्र मूळ न्या, झेरॉक्स चालत नाही. स्वतःची बाटली नेऊ नका. आणि ॲसिड पाहिजे असेल तर दुपारी चारच्या आत जा, चारनंतर रजिस्टर बंद करून साठा मोजायला घेतात, मग उद्याच मिळतं.